तेलाची चौथी खेप

मंगळवार, नऊ डिसेंबर. सकाळी साडेदहा. राहुरीहून शिंगणापूरला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेची पत्र्याची शेड. हजर: १) मी, केंद्रप्रमुख, वय त्रेपन्न, अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा टाकून. २) माझे यजमान, कॉलेजात मराठी शिकवतात, म्हणून गावात सर आणि घरातही सर. ३) माझी पांढरी गाडी, वय बावीस, गिअर आपोआप बदलणारी, सध्या आजारी. ४) फिटर. विषय: गाडीच्या गिअरबॉक्समधलं तेल बदलण्याची तिसरी खेप. ऐन वेळचा विषय: मी मारलेली एक थाप.

असं लिहून ठेवायची मला सवय आहे. अकरा शाळांच्या भेटी, त्यांचे शेरे, घरातली औषधं, फ्रीजमधले डबे, सगळ्याची यादी असते. गाडीची तर वही आहे, प्लॅस्टिकच्या कव्हरात. या वहीचा मला अभिमान होता. तो फिटरनी उतरवला, आणि तोही एकच प्रश्न विचारून.

फिटर म्हणजे फिटरच. त्यांना नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. सत्तरी ओलांडलेली, काटक अंग, धुतलेला पांढरा सदरा. तरुणपणी नगरला लष्कराच्या गाड्यांवर काम केलेलं. आपल्याकडे पायाने क्लच न दाबता गाडी चालते हे कुणाला सांगून खरं वाटत नव्हतं, तेव्हा यांनी तसला गिअरबॉक्स खोलून परत बसवला होता, असं लोक सांगतात. ते स्वतः एवढंच म्हणाले, "येकदा खोलली पेटी. तवा ठरवलं, परत शक्यतो खोलायची न्हाई." गिअरबॉक्सला ते पेटी म्हणत. लोक लांबून गाडी घेऊन येत आणि खोलायचा आग्रह धरत. फिटर त्यांना चहा पाजून परत पाठवत. त्यांचं एक वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे: "जुनी गाडी बिगडत न्हाई, बाई. तिला कुनीतरी सुदारतं, मंग ती बिगडती." लिहून ठेवलं तेव्हा ते माझ्याबद्दल आहे असं वाटलं नव्हतं.

मला ही गाडी कशाला लागते ते सांगते. नऊ वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडले. डाव्या घोट्यात दोन पट्ट्या आणि सात स्क्रू आहेत. क्लच दाबता येत नाही. माझ्या शाळा बेलापूर आणि कोल्हारच्या मधल्या गावांत आणि वस्त्यांवर पसरलेल्या, जिथे एसटी सकाळी एकदा जाते आणि मनात आलं तर संध्याकाळी परतते. क्लच नसलेली गाडी आहे म्हणून मी केंद्रप्रमुख आहे. ती बसली की मला तालुक्याच्या कार्यालयात टेबल मिळणार, हे साहेबांनी दोनदा सुचवून झालंय. "मॅडम, टेबलाचं काम काय वाईट? पंख्याखाली बसायचं." ज्या बाईने आयुष्यभर टेबलापाशी बसलेल्यांना फैलावर घेतलं, तिला हे ऐकवायचं. नवी गाडी का घेत नाही असं विचारणाऱ्यांची माझ्याकडे वेगळी यादी आहे.

फिटरकडे पहिल्यांदा गेले तेव्हा गाडी थांबताना हिसका देत होती. मी वही उघडून लक्षणं वाचायला लागले. त्यांनी हात वर केला.

"गाडी मागनं बगू. आदी तुमी सांगा. डावा पाय काय करतो?"

पायाचा विषय माझ्या जिव्हाळ्याचा. मी अपघात, शस्त्रक्रिया, पट्ट्या, स्क्रू, थंडीतली कळ, सगळं सांगितलं. दहा मिनिटं त्यांनी ऐकून घेतलं.

"तसं न्हाई. तो ब्रेकवर जातो का, यवडंच इचारलं."

जात होता. उजवा पाय गॅसवर आणि डावा ब्रेकवर, अशी मी वर्षभर गाडी चालवत होते. दुखरा पाय हलकेच टेकायला जागा मिळते म्हणून. फिटर म्हणाले, "येक पाय म्हनतो जा, दुसरा म्हनतो थांब. पेटीनं कुनाचं आयकायचं?" डावा पाय खाली ठेवला आणि हिसका गेला. दुरुस्ती गाडीची झाली की माझी, हे वहीत कोणत्या रकान्यात लिहावं ते कळेना.

त्यांची दुसरी पद्धत म्हणजे मालकाला मागच्या सीटवर बसवायचं. डोळे मिटायचे. फिटर गाडी चालवणार आणि गिअर बदलल्याचं कळलं की आपण बोट वर करायचं. मी शाळेतल्या हुशार मुलीसारखी ताठ बसले आणि अकरा वेळा बोट वर केलं. परत आल्यावर ते म्हणाले, "तीनदा बदलला. बाकीचे आठ खड्डं हुतं." मग थोडं थांबून, मला वाईट वाटू नये म्हणून, "खड्डं बरूबर वळखले."

त्यांच्याकडे वही नव्हती. लग्नपत्रिका होत्या. गावात येणारी प्रत्येक पत्रिका ते जपून ठेवत. लग्न पार पडलं की तिच्या कोऱ्या पाठीवर एखाद्या गाडीच्या गिअरबॉक्समधल्या तेलाचा थेंब टाकत. थेंब पसरतो, त्याची कडी होते. तेल चांगलं असेल तर कडी फिकट लालसर, जळकं असेल तर मध्ये काळा ठिपका. खाली गाडीचा नंबर आणि महिना. या पत्रिका सुतळीवर टांगलेल्या असत, धुतलेल्या रुमालांसारख्या. माझी गाडी कुणा चिरंजीव आणि चि. सौ. कां. यांच्या पाठीवर होती. मी त्यांना माझ्या वहीसारखे छापील तक्ते करून देऊ का विचारलं. ते म्हणाले, "तक्त्याला वास येतो का?"

शिंगणापूरचा रस्ता. त्यांच्याही शेडला दार नव्हतं. पान्हे, जॅक, टायर सगळं उघड्यावर. पण भिंतीला एक लहान लोखंडी पेटी होती आणि तिला हे एवढं कुलूप. मला वाटलं, गल्ला असेल. आत होतं नरसाळं. स्वच्छ फडक्यात गुंडाळलेलं. "पान्हं गेलं तर दुसरं येतंय," फिटर म्हणाले. "पन शनीला जानारी मानसं थांबत्यात, बाटलीत तेल भरायला नरसाळं मागत्यात. द्यायचं, परत ठिवत्यात. आन मला म्हाईतच न्हाई. मंग त्यातनं मी तुमच्या पेटीत वततो. झाली का पूजा?"

फोनवरून ते निदान करत नसत, पण आवाज ऐकत. "काडून दाकवा," म्हणायचे. एकदा मुख्याध्यापकांची बैठक चालू असताना त्यांचा फोन आला, आणि मी खिडकीपाशी जाऊन हलक्या आवाजात "घूंऽऽ, टक्, घूंऽऽ" केलं. "टक् जरा जोरात," ते म्हणाले. मी जोरात केलं. मागे वळले तर अकरा मुख्याध्यापक उभे होते.

आता शनिवारचं.

शनिवारी शाळा सकाळच्या. दुपार मोकळी. म्हणून माझ्या वहीत गाडीची सगळी कामं शनिवारी. मागच्या दिवाळीआधी मी फिटरना सांगितलं, गिअरबॉक्सचं तेल बदलायला येते, शनिवारी दोन वाजता. ते म्हणाले, "शनिवारी तेलाला हात लावत न्हाई."

झालं. शनिवारी तेल विकत घेऊ नये, लोखंड घरात आणू नये, हे आमच्याकडे लहानपणापासून ऐकलेलं. त्यात हा रस्ता शिंगणापूरचा. मी त्यांना वैज्ञानिक दृष्टिकोन समजावून सांगितला. ग्रह म्हणजे काय, त्याचं अंतर किती, यंत्राला वार कळतो का, तुमच्यासारख्या जाणत्या माणसाने असं केलं तर पोरांनी कुणाकडे बघायचं. शाळाभेटीत मी हे बोलते तेव्हा मागच्या रांगेतली मुलंसुद्धा ऐकतात. फिटर ऐकत राहिले, सदऱ्याची बाही नीट केली आणि म्हणाले, "मंगळवारी या."

मंगळवार माझ्या वहीत बसत नव्हता. मी विज्ञानाच्या बाजूने नगरला गेले. शनिवारीच. चकचकीत गॅरेज, थंड हवेची खोली, काचेच्या नळ्यांचं यंत्र. एका नळीतून गाडीचं जुनं काळपट तेल बाहेर जाताना दिसत होतं, दुसरीतून लाल तेल आत. "जुना थेंबसुद्धा राहत नाही, मॅडम," तिथला मुलगा म्हणाला. मी फोटो काढले. प्रमाणपत्र मिळालं. वहीत हिरव्या पेनाने बरोबरची खूण केली आणि शेजारी लिहिलं, "काम शनिवारी पूर्ण."

तीन आठवड्यांनी नगरला बैठकीला निघाले आणि विळदच्या घाटात गाडी ओरडायला लागली. इंजिन जोरात, चाकं जागच्या जागी. गॅस दाबावा तसा आवाज वाढे आणि वेग कमी होई. सिमेंटचा मिक्सर मागे बांधलेला एक ट्रॅक्टर मला ओलांडून पुढे गेला. ओलांडताना त्याच्या ड्रायव्हरने खाली वाकून विचारलं, "बाई, ढकलू का?"

बैठक सोडली आणि वीसच्या वेगाने, मागे गाड्यांची वरात घेऊन, फिटरकडे पोचले. त्यांनी तेल मोजायची पट्टी ओढली, वास घेतला, सुतळीवरून माझी पत्रिका काढली आणि जुन्या थेंबाशेजारी नवा टाकला. दोघं मिळून त्या थेंबाकडे बघत राहिलो.

"ह्ये आपल्या पेटीचं तेल न्हाई. काय नाव तेलाचं?"

मी वही उघडली. तारीख होती. किलोमीटर होते. चारी टायरमधली हवा होती. थांबायच्या खोलीतला चहा बरा होता, हेही होतं. तेलाचं नाव नव्हतं. फोन करून विचारलं तर उत्तर आलं, सगळ्या गाड्यांना चालतं तेच घातलंय.

"सगळ्यास्नी चालतं," फिटर म्हणाले. "पायतान हाय का ते? कुनी घातलं?"

इथे मी म्हणाले, "सरांनी."

कसं म्हणाले ते अजून कळत नाही. गेली बारा वर्षं मी लोकांच्या सबबी ऐकून घेते आणि त्यांवर शेरे मारते. पण समोर तो थेंब होता, आणि ज्या माणसाला मी ग्रहांचं अंतर शिकवलं तो विचारत होता. "मला न विचारता नेली हो त्यांनी. मी शाळेत होते." तपशील आपोआप येत गेले. गिअरसारखे.

"सरांनी," फिटर म्हणाले. "बरं."

त्यांनी उपाय सांगितला. चाळणी काढून धुवायची. मग योग्य तेल, पण एकदम नाही. खालचा बोल्ट काढला की निम्मंच तेल उतरतं, निम्मं आत अडकून राहतं. तेवढंच नवं घालायचं, दहा दिवस गाडी हळू चालवायची, पुन्हा निम्मं काढायचं. दर खेपेला चुकीचं तेल निम्म्याने कमी. चार खेपा. "म्हाताऱ्या मानसाचं येका दिवसात च्या, साखर, मीठ समदं बंद केलं तर तो बरा व्हईल का मरंल? सावकाशीनं घ्यायचं."

पहिल्या खेपेनंतर गाडी सपाटीवर चालू लागली. दहा दिवसांनी दुसरी खेप घेतली, तेव्हा ती लहान चढ चढली. मी हिरवं पेन पुन्हा काढलं. निघताना फिटर म्हणाले, "तिसऱ्या खेपेला सरांस्नी घिऊन या."

तर नऊ डिसेंबर. वाटेत मी सरांना परिस्थिती सांगितली आणि पाच मुद्दे दिले: कुठे नेली, कधी नेली, का नेली, कुणी सुचवलं, आता काय वाटतं.

सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "म्हणजे मी गाडी चोरून नेली."

"चोरून नाही हो. न विचारता."

"नगरपर्यंत."

"हो."

"अगं, पण मला गाडी चालवता येत नाही."

हा मुद्दा माझ्या यादीत नव्हता. सव्वीस वर्षांच्या संसारात सर मागच्या सीटवर पुस्तक घेऊन बसतात, हे मी विसरले होते. मला वाटतं, ते तिथे आहेत हेच मी विसरले होते.

शेडपाशी पोचलो. फिटरनी सरांना नमस्कार केला आणि ड्रायव्हरच्या सीटकडे हात केला. "बसा सर. चालू करा. आयकू."

सर उंच आहेत. सीट माझ्या मापाने पुढे ओढलेली. ते कसेबसे आत शिरले, गुडघे स्टिअरिंगला टेकले, आरसा त्यांच्या गळ्याकडे बघत होता. त्यांनी किल्ली हातात घेतली, खाली वाकून पायांपाशी शोधाशोध केली आणि अतिशय सभ्यपणे विचारलं, "यात क्लच कुठला?"

मी सुतळीवरच्या पत्रिका वाचायला लागले. आपल्या आगमनाने मंडपाची शोभा वाढवावी, ही विनंती.

"उतरा सर," फिटर म्हणाले. "च्या घ्या." माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. आडवे झाले, गाडीखाली गेले आणि बोल्ट सैल केला. तेल पातेल्यात पडू लागलं.

सरांना गप्प बसवत नाही. बाकावर चहा पीत ते म्हणाले, "फिटर, तुम्ही म्हणे शनिवारी तेलाचं काम करत नाही. शनीमुळे का?"

"व्हय, शनीमुळंच," गाडीखालून आवाज आला. मी जरा सावरून बसले. "शनिवारी, अमावशेला हा रस्ता बगा कदी. गाड्याच गाड्या. काटा तिसाच्या वर जात न्हाई. तेल बदललं की गाडी साठानं पळवून बगाय लागती, न्हाईतर वरचा गेर धरतोय का न्हाई कसं कळायचं? मोकळा रस्ता पायजे. मंगळवारी निस्ती आपली मेंढरं."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी कपाकडे.

"मग तुम्ही मला तेव्हा सांगितलं का नाही?" मी विचारलं. आवाज थोडा वर गेला.

फिटर बाहेर आले, हात पुसले. चेहऱ्यावर खोडकरपणा नव्हता, खरंच सांगत होते. "तुमी बोलत हुत्या, बाई. मदी कसं बोलायचं?"

नवं तेल भरून झाल्यावर ते स्वतः गाडी घेऊन रस्त्यावर गेले. आम्ही मागे बसलो. तेलाच्या जाहिरातींचे फलक, उसाचा रस, मेंढरं. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना गाडीने अजून एक धक्का दिला, कुणी मागून खांद्यावर टकटक करावी तसा. सरांनी बोट वर केलं. "बरूबर," फिटर म्हणाले. पहिल्याच दिवशी.

परत आल्यावर ते माझ्याशी बोलले. सर तेव्हा नरसाळ्याचं कुलूप बघत होते.

"येक खेप ऱ्हायली. पन तेल वतायच्या आदी मला येक इचारायचंय. ह्यो धक्का नगरच्या तेलानं आला, का त्याच्या आदीच हुता? आदीचा आसंल तर पेटीचं जुनं दुकनं हाय, चौथी खेप वतून बी जानार न्हाई, मंग दुसरं बगावं लागंल. नवा आसंल तर चौथ्या खेपेला जाईल. पत्रिकेवर धक्का दिसत न्हाई, बाई. त्या दिशी जो गाडी चालवीत नगरला गेला, त्यालाच म्हाईत. त्यानं यायचं. येकट्यानं. तवर चढाला न्यायची न्हाई."

"सर येतील," मी म्हणाले.

हो, तेव्हासुद्धा.

"बरं," फिटर म्हणाले.

घरी येताना सर मागे बसले. दारात उतरताना म्हणाले, "होता का गं धक्का? आधी?"

होता. थोडासा. दिवाळीच्या कितीतरी आधीपासून होता, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या मधे, सकाळच्या थंडीत. मला जाणवत होता. मी तो वहीत लिहिला नव्हता, कारण लिहिला असता तर त्याच्यापुढे उपाय लिहावा लागला असता, आणि त्या रकान्यात गिअरबॉक्स खोलणे, म्हणजे गाडी जाणे, म्हणजे टेबल, एवढंच येत होतं. म्हणूनच तर तेल बदलायची घाई केली. नव्या तेलाने तो आपोआप जाईल असं वाटलं होतं. हे फिटरना सांगायचं तर सगळंच सांगायला लागेल, आणि त्यानंतर ते काय म्हणतील हे मला ऐकायचं नाही. ते "बरं" म्हणतील तरी ऐकायचं नाही.

त्यानंतर चार मंगळवार गेले. पहिल्याला स्नेहसंमेलन होतं. दुसऱ्याला चाचणीच्या गुणांचे तक्ते. तिसऱ्याला मला ताप येईल असं वाटत होतं. चौथ्याला मी शेडच्या अलीकडच्या वळणापर्यंत गेले, मेंढरं रस्ता ओलांडेपर्यंत थांबले आणि तीही ओलांडून गेल्यावर मागे फिरले. उंचावरच्या तीन शाळांच्या भेटी राहिल्यात. साहेबांचं तिसरं पत्र आलंय, त्यात पंखा नवा बसवलाय असं आहे.

आज पाचवा. सर कॉलेजला जायच्या आधी गाडीची किल्ली जेवणाच्या टेबलावर, माझ्या वहीवर ठेवून गेले. मी वही उघडली आणि राहिलेल्या कामांच्या पानावर लिहिलं: चौथी खेप. स्वतः जाणे. एकटीने. मग घड्याळात बघितलं. साडेदहा वाजले होते, रस्ता मोकळा असणार. मी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं, आणि त्याच ओळीखाली बटाटे लिहिले.